राणीछाप रुपयांची वाटणी

आम्ही राहतो त्या गावाचं नाव हेर्त्सोगेनआउराख. नाशिकला माझ्या आईला ते अजूनही म्हणता येत नाही, ती सरळ 'बुटांचं गाव' म्हणते. तिचं काही चुकत नाही. न्युरेंबर्गच्या जवळचं हे छोटंसं गाव जगाला माहीत आहे ते आदिदास आणि पुमा या दोन कंपन्यांमुळे. आडोल्फ आणि रुडोल्फ दासलर हे दोन सख्खे भाऊ. १९२४ साली दोघांनी मिळून बुटांचा कारखाना काढला. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जेसी ओवेन्सच्या पायात त्यांचेच बूट होते. पुढे दोघांचं बिनसलं आणि १९४८मध्ये वाटण्या झाल्या. एका भावाची आदिदास, दुसऱ्याची पुमा, मधे आउराख नदी. कामगारही वाटले गेले. समोरच्याच्या पायात कोणते बूट आहेत ते आधी खाली बघायचं आणि मग बोलायचं, म्हणून या गावाला 'मान वाकवलेल्यांचं गाव' असं नाव पडलं. दोघे भाऊ गेले तेही एकाच दफनभूमीत, पण दोन टोकांना. २००९मध्ये दोन्ही कंपन्यांच्या लोकांनी एकत्र फुटबॉल सामना खेळला, त्याची बातमी जगभर झाली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी आमच्या घरातही वाटणीचा विषय निघाला. कारखान्याची नव्हे, एका पितळी डब्याची. माझे आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, २०२४मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात जुन्या ब्रिटिश नाण्यांनी भरलेला एक डबा होता. तो आम्ही लहानपणी फक्त लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बघितलेला. चौरंगावर लाल कापड, त्यावर राणीछाप रुपयांची रास, आणि "हात लावू नका गं" असा आजीचा दम. अण्णा गेल्यावर प्रश्न उभा राहिला, की या डब्याचं करायचं काय? विकायचा तर कसा, कुठे, आणि पैसे कोणाचे?

अण्णा सिन्नरला पोस्टात होते. १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली तेव्हा ते खिडकीवर बसायचे. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, चार आण्यांचे पंचवीस झाले, आणि लोकांना हिशेब समजावता समजावता त्यांचा घसा बसायचा. चवली, पावली, अधेली, ढब्बू पैसा अशी नाणी त्या काळात हळूहळू व्यवहारातून जात होती. त्यातलं एखादं बरं दिसलं की अण्णा स्वतःच्या खिशातले पैसे गल्ल्यात टाकून ते घरी आणायचे. चांदीचे रुपये मात्र त्याआधीचे, त्यांच्या आईने साठवलेले. युद्धाच्या काळात सरकारने चांदीचे रुपये परत घ्यायला सुरुवात केली. राणी व्हिक्टोरियाचे, मग सातव्या एडवर्डचे, मग जॉर्जचे असे १९४१ ते १९४३ या काळात एकेक करून ते चलनातून बाद झाले आणि हातात एक रुपयाची कागदी नोट आली. आमच्या पणजीचा कागदावर विश्वास नव्हता. तिने रुपये गाडग्यात घातले आणि गाडगं चुलीमागे पुरलं. अशी गाडगी तेव्हा गावोगाव पुरली गेली असतील. डब्यातली उरलेली आठ नाणी अस्सल इंग्लंडची होती. ती अण्णांच्या थोरल्या भावाने, म्हणजे मराठा पलटणीबरोबर इटलीत लढून आलेल्या आमच्या चुलत आजोबांनी, आणलेली.

डबा नाशिकला दादाकडे, माझ्या थोरल्या भावाकडे आहे. दादाचं म्हणणं सरळ होतं. चांदी महाग झालीय, दिवाळीच्या सुमारास किलोला दीड लाखाच्या वर गेलीय, सराफाकडे जाऊन वजनावर घालून टाकू. अण्णांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याचे एक लाख दहा हजार दादाने एकट्याने भरले होते. त्याबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नाही, पण मला ते माहीत होतं. त्याची घाई लोभाची नव्हती. "अगं, तू तिकडे, आत्या कोपरगावला. डबा सांभाळायचा मी, चोरीची भीती मला. एकदाचं मोकळं होऊ दे," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "नाहीतर तू मार्चमध्ये येशील तेव्हा चांगली चांगली नाणी घेऊन जा. तिकडे युरोत विक."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझी सवय अशी, की आधी डेटा बघायचा आणि मग निर्णय घ्यायचा. म्हणून म्हटलं, आधी यादी करू. दोन शनिवार आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. तिकडे दादाने शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणला, वहिनी एकेक नाणं कॅमेऱ्यासमोर दोन्ही बाजूंनी धरायची आणि मी इकडे एक्सेलमध्ये भरायचे. वहिनीने त्याआधी चिंच-मीठ काढून ठेवलं होतं, लख्ख करू या म्हणून. तेवढं मात्र आम्ही वेळीच थांबवलं. जुन्या नाण्यावर जो काळसर थर येतो तोच संग्राहकाला हवा असतो. घासलेलं नाणं चकचकीत दिसतं, पण त्याची किंमत उतरते, आणि ती परत चढवता येत नाही. देवाची भांडी घासावीत, नाणी नाहीत.

यादी झाली तेव्हा डब्यात २३८ नाणी निघाली. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा डबा असेल, म्हणून त्यातून काय कळलं ते थोडं सविस्तर सांगते.

१८३५च्या कायद्याने कंपनी सरकारचा एकसारखा रुपया सुरू झाला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. हे माप शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलं. १९४०मध्ये चांदी निम्म्यावर आली. सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५चे रुपये दिसायला तसेच, वजन तेच, पण चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. आणि १९४७चा वाघाचा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी नावालाही नाही. आमच्याकडे जुन्या मापाचे ९६ रुपये होते आणि निम्म्या चांदीचे ४०. काट्यावर सगळे सारखेच उतरतात. साल वाचलं नाही आणि सगळे एकाच भावाने मोजले तर कोणीतरी फसतो, विकणारा किंवा घेणारा.

तीच गंमत इंग्लंडच्या नाण्यांची. आमच्याकडे तीन हाफ-क्राऊन होते, १९१६, १९४२ आणि १९४८चे. तिन्ही सारख्याच आकाराचे, प्रत्येकी १४ ग्रॅमच्या आसपास. पण १९२०च्या आधी इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यात साडेब्याण्णव टक्के चांदी असायची, १९२० ते १९४६ पन्नास टक्के आणि १९४७पासून शून्य. म्हणजे एकात तेरा ग्रॅम चांदी, दुसऱ्यात सात आणि तिसरा नुसता तांबं-निकेलचा. दोन महायुद्धांनी साम्राज्याची तिजोरी कशी रिकामी केली, ते या तीन नाण्यांत दिसतं.

पण धातू म्हणजे किंमत नव्हे, किंवा निदान सगळी किंमत नव्हे. १८६२ सालचा राणीचा रुपया बघून दादा हरखला होता, "एकशे साठ वर्षांपूर्वीचा!" तो वर्षं मोजत होता. पण १८६२ हे साल पुढची अकरा-बारा वर्षं तसंच छापत राहिले, त्यामुळे तो रुपया मुबलक मिळतो. त्यात मुंबई टांकसाळीच्या नाण्यावर मागच्या बाजूला जे बारीक ठिपके असतात, त्यांच्या संख्येवरून जाणकार फरक करतात. उलट १९११चा पाचव्या जॉर्जचा रुपया वयाने लहान, पण मागणी जास्त. राजाच्या झग्यावर काढलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गहजब झाला आणि पुढच्या वर्षी चित्र बदलावं लागलं. १९३९चा रुपया तर दुर्मिळच, जुन्या मापाच्या चांदीचा शेवटचा. म्हणूनच १९३८चा आठ कोरून नऊ केलेले रुपये बाजारात फिरतात. कुणी १९३९चा दाखवला तर आधी भिंग घ्या आणि मग आनंद माना.

आमच्याकडे १९३९ नव्हता. १९११चे दोन होते, १८४०चे चार आणि दोन गिन्या. ब्रिटनची सोन्याची नाणी ती, सॉव्हरिन. एकीचं वजन ७.९८ ग्रॅम, बावीस कॅरट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. त्यातल्या एका गिनीवर सालाच्या जवळ इतकं बारीक 'आय' अक्षर होतं, की वहिनीला ते मोबाइलच्या झूममध्ये सापडलं. ते 'इंडिया'चं अक्षर. १९१८ या एकाच वर्षी ब्रिटिश सॉव्हरिन आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडली गेली, साधारण तेरा लाख. म्हणजे लंडनची वाटणारी ही गिनी निघाली फोर्टातली!

आता प्रश्न विक्रीचा. दादाच्या दुसऱ्या सूचनेचा, 'तिकडे घेऊन जा'चा, मी आधी शोध घेतला, आणि जे कळलं ते परदेशातल्या प्रत्येक मराठी घराला माहीत हवं. आपल्याकडे १९७२चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं त्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विकायला नाही, आठवण म्हणूनही नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, वर दंड. आजोबांचं आहे, आईने दिलंय, बॅगेत चारच आहेत, यातलं काहीही कस्टममध्ये चालत नाही. इकडे जर्मनीतही २०१६पासून सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा आहे. 'कुल्टूरगुटशुट्सगेझेत्स' असं त्याचं नाव आहे, आणि ते उच्चारता येत नसलं तरी तो लागू होतोच. मूळ देशातून बेकायदा बाहेर काढलेली वस्तू इथे आणायलाही बंदी आहे. नाणं अमेरिकेतल्या कंपनीकडे दर्जा ठरवायला पाठवणं हीसुद्धा निर्यातच.

यात एक बारकावा आहे. शंभर वर्षांची ही रेघ दर वर्षी पुढे सरकते. पाचव्या जॉर्जचा रुपया १९२२नंतर पाडलाच गेला नाही, आणि पुढचा चांदीचा रुपया थेट १९३८चा. म्हणजे राणीपासून पाचव्या जॉर्जपर्यंतचे सगळे रुपये आज पुरावस्तू आहेत, आणि सहाव्या जॉर्जचे २०३८पासून होऊ लागतील. शंभराच्या आतलं नाणं न्यायचं असलं तरी अधिकाऱ्याने शंका घेऊ नये म्हणून पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घेऊन ठेवावं.

मग देशातच विकायचं तर वाटा किती? पहिली सराफाची. दादा एका ओळखीच्या पेढीवर चौकशी करून आला. त्यांनी नाणी न बघता वजन विचारलं, घट धरली आणि भाव सांगितला. सराफाचं यात काही वावगं नाही, त्याचा धंदा चांदीचा आहे, इतिहासाचा नाही. पण १९११चा रुपया आणि १९१७चा रुपया तिथे एकाच मुशीत जातात.

दुसरी वाट मोबाइलवरची. 'हे नाणं असेल तर दहा लाख मिळवा' असे व्हिडिओ बघून वहिनीच्या भावाने एका नंबरवर फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, नाणं मंजूर, नोंदणीचे साडेतीन हजार आधी भरा, सोबत रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही आणि त्यासाठी बँक कोणतंही शुल्क घेत नाही. जो विकत घेणारा आधी तुमच्याकडेच पैसे मागतो, तो विकत घेणारा नसतो.

तिसरी वाट नाण्यांच्या व्यापाऱ्याची, चौथी लिलावाची. मुंबईत तोडीवाला, ओसवाल यांसारखी लिलावगृहं आहेत, पुण्यात कॉइनेक्ससारखी प्रदर्शनं भरतात, तिथे व्यापारी एका छपराखाली भेटतात. पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो, तेव्हा समोरच्याकडे तो आहे का, हे पहिलं विचारायचं. लिलावाला नाणी देताना पाच गोष्टी लेखी घ्यायच्या. दलाली किती, किमान किंमत कोण ठरवणार, नाणं विकलं नाही तर परत आणायचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांत, आणि नाण्यांच्या फोटोसह पावती. आणि सगळे पैसे बँकेतून.

आमच्या शेजारी एक निवृत्त जर्मन आजोबा राहतात. त्यांनी आयुष्यभर जर्मन नाणी जमवली. त्यांना मी आमच्या रुपयांचे फोटो दाखवले. ते एकेका फोटोवर 'झेअर श्योन' म्हणत गेले. म्हणजे 'फार सुंदर', मी खूश! मग त्यांनी हसून सांगितलं, की नाण्यांच्या भाषेत 'फार सुंदर' म्हणजे बऱ्यापैकी वापरलेलं. नुसतं 'सुंदर' म्हणजे चांगलंच झिजलेलं. खरोखर उत्तम नाण्याला वेगळेच शब्द आहेत. विकणाऱ्याने स्वतःच्या नाण्याकडे या भाषेत बघायला शिकावं, असं ते म्हणाले. त्यांच्याकडे जुने मार्कही पडून आहेत. ते बुंडेसबँक आजही १.९५५८३ मार्कला एक युरो या दराने बदलून देते, मुदत नाही. मला आमच्या पणजीचं गाडगं आठवलं. तिच्या रुपयावरची राणी कधीच बाद झाली, चांदी तेवढी उरली.

यादी दादाला पाठवली तेव्हा त्याखाली मी बेरीज मांडली, दिवाळीच्या आसपासच्या भावाने, फक्त धातूची. चांदी दीड लाख रुपये किलो धरली. ९६ रुपये म्हणजे किलोभर शुद्ध चांदी, एक लाख चोपन्न हजार. ४० रुपयांचे पस्तीस हजार. चवल्या-पावल्यांचे दहा. सोनं दहा ग्रॅमला सव्वा लाख धरून दोन गिन्यांचे एक लाख त्र्याऐंशी हजार. एकूण तीन लाख ब्याऐंशी हजार. म्हणजे मूठभर चिल्लरीत हरवलेल्या दोन गिन्या जवळजवळ सगळ्या चांदीइतक्या भरल्या.

आणि त्याखाली आणखी एक ओळ होती, ती लिहिताना मात्र मला दोन दिवस लागले. 'आत्याचा वाटा : निम्मा.'

अण्णांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यांना दोन मुलं, माझे बाबा आणि आत्या. बाबा २०१६मध्येच गेले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अण्णांच्या स्वतःच्या मालमत्तेत आत्याचा निम्मा आणि बाबांचा निम्मा. बाबांचा तो आई, दादा आणि मी यांच्यात सारखा, म्हणजे प्रत्येकी सहावा हिस्सा. कायदा स्पष्ट आहे. पण आपल्याकडे कायदा कागदावर आणि रीत घरात. माहेरचं मागणारी बाई वाईट, आणि 'मला काही नको' म्हणणारी शहाणी. आत्याने नेहमीप्रमाणे तेच म्हटलं. "मला कशाला गं? माझं माहेर उघडं राहिलं म्हणजे झालं." ती कोपरगावला एकटी राहते, काकांच्या तुटपुंज्या पेन्शनवर. गेल्या पावसाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन तिने सहा महिने पुढे ढकललं होतं. का, ते कुणी विचारलं नाही.

दादा माझ्यावर थोडा रागावला. "आत्याला नको आहे, आणि तू जर्मनीत बसून कायदा शिकवतेस." त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. अण्णांना रात्री दोन वाजता उठवून औषध देणारा तो होता, एक्सेल भरणारी मी. दोन दिवस ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. सोडवलं ते आईने. तिने आत्याला फोन करून सांगितलं, "वन्सं, नको म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण आधी किती आहे ते बघा आणि मग म्हणा. न बघता नको म्हणणं याला सोडणं म्हणत नाहीत."

आत्याला सगळी यादी फोटोंसकट छापून पाठवली. चार दिवसांनी तिचा फोन आला, आणि तिने जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. "अण्णा माझेही वडील होते. दवाखान्याचे पैसे आधी एकूणातून काढा, दादाला द्या. मग उरेल त्याचा निम्मा मी घेईन." दादा फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, तू हे आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "आधी मला कुणी वाटेकरी म्हणून विचारलं का? आणि वाटा घेणारी नव्हते, तोवर खर्चात तरी हात कसा घालू?"

मग हिशेब सोपा झाला. तीन लाख ब्याऐंशीतून एक लाख दहा वजा, उरले दोन लाख बहात्तर. आत्याला एक लाख छत्तीस हजार. त्यातली एक गिनी, मुंबईची, तिने वस्तू म्हणून घेतली, बाकीचे पैसे रोख. आई, दादा आणि मी, प्रत्येकी पंचेचाळीस हजारांच्या आसपास. धातूच्या वर जे मिळेल तेही याच प्रमाणात. एका कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या. माझी सही मार्चमध्ये गेले तेव्हा झाली.

विक्रीसाठी तीन ढिगारे केले. पहिल्यात चौदा नाणी, १८४०चे, १९११चे आणि काही उत्तम स्थितीतले रुपये. ती मुंबईला लिलावासाठी दिली आहेत, निकाल यायचा आहे. दुसरा ढिगारा झिजलेल्या, नेहमीच्या रुपयांचा आणि उरलेल्या गिनीचा. संग्राहक अशा रुपयाला धातूहून फार जास्त देत नाही, हे मान्य करावंच लागलं. तरी सराफाऐवजी परवाना असलेल्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला दिले. घट लागली नाही, थोडे जास्तच मिळाले, आणि मुख्य म्हणजे ते वितळले नाहीत. तिसरा ढिगारा न विकायचा. तांब्याचे ढब्बू, भोकाचे पैसे, इंग्लंडची नाणी, आणि लक्ष्मीपूजनासाठी प्रत्येकाला एक याप्रमाणे चार बंदे रुपये. माझा रुपया आईच्या देवघरात आहे, तो तिथून हलणार नाही.

कराबद्दल दोन शब्द, कारण तो प्रश्न नक्की येतो. दादा म्हणाला होता, पूजेतली नाणी म्हणजे घरगुती वस्तू, त्यावर कर कसला? नेमका हाच युक्तिवाद एका संस्थानिकाने सर्वोच्च न्यायालयात केला होता. महालक्ष्मीच्या पूजेत ठेवलेल्या सोन्या-चांदीच्या नाण्यांबद्दलच. १९७६मध्ये न्यायालयाने तो मान्य केला नाही. तेव्हा नफ्यावर कर आहे. जुलै २०२४पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, आणि २००१च्या आधीच्या वस्तूला १ एप्रिल २००१ची बाजारभावाची किंमत मूळ खरेदी किंमत म्हणून धरता येते. अनिवासी माणसाचा वाटा एनआरओ खात्यात घ्यायचा. जर्मनीत वर्षाहून अधिक काळ घरात असलेली अशी वस्तू विकली तर नफ्यावर सहसा कर लागत नाही, आणि वारशात आजोबांनी ठेवलेला काळही धरतात. पण वारसा मिळाल्याचं तीन महिन्यांत फिनान्सआम्टला कळवायचं असतं, भारतातला वारसा असला तरी. मुलाच्या पश्चात नातवंडाला चार लाख युरोपर्यंत सूट आहे, त्यामुळे भरायचं काही नव्हतं. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, तेव्हा आपल्या सीएला आणि इथल्या श्टॉयरबेराटरला विचारूनच करा.

जर्मनीला मी आणलं ते एकच नाणं. १९४३चा भोकाचा पैसा, प्रमाणपत्रासह. बाजारात त्याला किंमत नाही म्हटलं तरी चालेल. माझ्या सात वर्षांच्या मुलीने त्यात दोरा ओवून तो गळ्यात घातला आणि विचारलं, मधला पैसा कुठे गेला? युद्ध होतं, तांबं पुरत नव्हतं, म्हणून मधलं काढून घेतलं, असं मी सांगितलं. तिला ते पटलं.

इकडे राहणाऱ्या मंडळींना एवढंच सुचवेन, की घरात असा डबा असेल तर घरातलं मोठं माणूस हयात असतानाच त्याच्याशेजारी बसून यादी करा. कोणतं नाणं कुठून आलं हे फक्त त्यालाच माहीत असतं, आणि ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळत नाही. आणि यादी झाली की ती आत्याला, मावशीला, बहिणीलाही पाठवा. त्या नको म्हणतील, तरीही पाठवा. आमच्या आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. परवा फोनवर सांगत होती, गिनीवरचं ते बारीक अक्षर आता तिला भिंगाशिवाय दिसतं.